तिसऱ्या दिवसाची दवंडी

या सदरातले वाचकांचे अतर्क्य अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्या अनुभवांना हसतो. असं काही सांगणाऱ्याला माझे प्रश्न ठरलेले असतात — उजेड किती होता? चष्मा घातला होता का? पोटात काय होतं? बत्तीस वर्षं मास्तरकी केली. शाळेत कुण्या पोराच्या गळ्यात ताईत दिसला की तो उघडून आतलं सगळ्यांसमोर वाचून दाखवायचो. आमच्या अम्मीनं मला बांधलेला ताईत मी तेराव्या वर्षी विहिरीत फेकला होता आणि त्यापायी मार खाल्ला होता. तर असा मी माणूस.

आणि तरी हे लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे काय... दोन ओळी लिहितो, उठतो, अंगणात फिरतो, परत येतो. सून म्हणाली, "अब्बा, काय येवढं लिहून राहिले?" तिला म्हटलं, काही नाही, जुनी गोष्ट आहे.

माझं नाव महेबूब. पोलीस अ‍ॅक्शनच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मी बावीस वर्षांचा. घर वसमतला, वडील शिंपीकाम करायचे. नोकरी लागली ती कळमनुरी तालुक्यात, खडकदरी नावाच्या गावी. कळमनुरीपासून अडीच कोस. गावाच्या पूर्वेला एक ओढा, तो पुढं कयाधूला मिळतो. दीडशेच्या आत-बाहेर उंबरे. चावडीला लागून एक खोली, तीच शाळा आणि तेच माझं बिऱ्हाड. पोरं घरी मराठी बोलायची आणि माझ्याकडं येऊन उर्दू गिरवायची, कारण सरकारची शाळा उर्दू. पटवारी कळमनुरीत राहायचा, पंधरवड्यातून एकदा यायचा. त्यामुळं सरकारी कागद आला की तो वाचणारा गावात मी एकटाच.

संक्रांत झाली आणि उंदीर पडायला लागले.

पहिला पडला तेलीआळीत. भर उजेडात भिंतीच्या कडेनं आला, अंगणाच्या मधोमध स्वतःभोवती फिरला आणि आडवा झाला. मग कापूस भरलेल्या घरांतून रोज दोन-चार निघू लागले. जुन्या माणसांना हे नवं नव्हतं. ते उंदराला हात न लावता चिमट्यानं उचलायचे, जाळायचे आणि काही बोलायचे नाहीत. आठवड्यात दोन माणसं गेली. ताप, डोळे लाल, काखेत नाहीतर जांघेत गाठ, आणि तिसऱ्या दिवशी खलास. मी तहसिलीला चिठ्ठी पाठवली. पाचव्या दिवशी स्वार हुकूम घेऊन आला.

हुकूम असा होता — तीन दिवसांत गाव खाली करायचं. ओढ्यापलीकडच्या गायरानावर झोपड्या घालायच्या, दोन झोपड्यांमध्ये पंधरा हात जागा सोडायची. घरांची दारं-खिडक्या सताड उघडी ठेवायची. आजारी माणसासाठी टोकाला वेगळं छप्पर. इजाजत मिळेपर्यंत कुणीही गावात परत पाऊल टाकायचं नाही. खाली लिहिलं होतं की याची जबाबदारी पाटलाची आणि मास्तरची. माझी!

तो मी मराठीत केला आणि हरबाला बोलावलं.

हरबा गावचा दवंडी देणारा. पन्नाशी उलटलेला, उंच, वाळलेला, पाठीत थोडा वाकलेला. वस्ती गावाबाहेर, पडक्या वेशीच्या खाली, जिथं त्याच्या जातीची पाच-सात घरं होती. बायको येसाबाई, पोटी लेकरू नव्हतं. मी त्याला अरे-तुरे करायचो. बापाच्या वयाचा माणूस, पण तेव्हा सगळेच करायचे म्हणून मीही. आता लिहिताना अहो-जाहो लावलं तर ते खोटं होईल, म्हणून तेव्हासारखंच लिहितो.

त्याची एक रीत होती. कागद मी दोनदा वाचायचा. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मग एक अक्षर इकडचं तिकडं न करता म्हणून दाखवायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, लोकांना समजंल असं थोडं तुझ्या शब्दांत सांग."

"न्हाई मास्तर," तो म्हणाला. "मी बोल वाहून नेतो, बस. त्यात माझा बोल न्हाई घालायचा. घातला तर उद्या म्हनतील, हरबानं आमाला हुकूम केला. मग माझी पाठ हाय अन् लोकांची काठी हाय."

पहिल्या दिवशी सकाळी तो डफडं घेऊन सगळ्या आळ्या फिरला. "ऐका हो ऐका... सरकारचा हुकूम हाय हो..." आवाज असा की ओढ्यापलीकडची ढोरं माना वर करायची. लोक दारात आले, ऐकलं, आणि आत गेले. झालं. एकाही घरातून एक मडकं बाहेर निघालं नाही.

मी पाटलाकडं गेलो. पाटील माणूस वाईट नव्हता, पण नुकती ज्वारी घरात आलेली, कापसानं खोल्या भरलेल्या.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमचं काय जातं? एक ट्रंक अन् एक चटई. काखेत मारली की निघाले. आमी घर उघडं टाकून गायरानात बसायचं अन् चोरट्यांनी इकडं आरामात वेचून न्यायचं?"

"पण माणसं मरतायत, पाटील."

"मरनारा गायरानात बी मरतो."

बाया आणखी वेगळं बोलायच्या. गायरानात गेलं की सरकारी माणसं येतात, सुया टोचतात, आजारी माणूस घेऊन जातात आणि त्याचं तोंड परत दिसत नाही. मी स्वतः दिवाळीच्या सुटीत हिंगोलीला टोचून घेतलं होतं. दंड उघडून दाखवला. एक म्हातारी म्हणाली, "तुमी सरकारचेच, तुमाला पान्याची सुई टोचली असंल."

दुसऱ्या दिवशी मी हरबाला दोनदा फिरवलं, सकाळी आणि दुपारी. त्या दिवशी पाच-सहा घरांनी गायरानावर कडब्याच्या चार पेंढ्या उभ्या केल्या — कुणी तपासायला आलं तर दाखवायला. माणसं घरातच. धोंड्या नावाचा एक टवाळ तरुण हरबाच्या मागं मागं फिरून त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत होता, आणि लोक हसत होते. तेलीआळीत त्या दिवशी तिसरं मढं होतं, आणि लोक हसत होते... मला तर वेड लागायची पाळी आली. घडीभर एका जागी बसवेना. चावडी ते ओढा, ओढा ते चावडी, असा फिरत राहिलो.

आता यापुढचं नीट लिहायला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी दिवस उगवला तसा मी हरबाच्या घरी गेलो. तो दारात भिंतीला टेकून बसला होता. घोंगडी पांघरलेली.

"मास्तर, अंगात कसकस हाय," तो म्हणाला. "आज न्हाई जमत."

मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. लाल होते. मला दिसले होते. मी बघितलं आणि स्वतःला सांगितलं की थंडीचं असेल, जागरणाचं असेल.

"आज शेवटचा दिवस आहे हरबा. एक फेरी मार, मग दिवसभर पड."

येसाबाई आतून म्हणाली, "मास्तर, त्याला उभं बी राहवंना."

"एकच फेरी," मी म्हणालो. "एका फेरीनं गाव वाचंल."

तो उठला. भिंतीला धरून उठला, डफडं गळ्यात अडकवलं आणि चालू लागला. मी मागं. वेशीतून आत आलो, मोठ्या विहिरीपाशी त्यानं काठी उचलली, "ऐका हो" म्हणाला, आणि खाली बसला. बसला तो कुशीवर गेला. विहिरीवरच्या बाया घागरी टाकून पळाल्या. काखेतली गाठ मला तेव्हा दिसली. लिंबाएवढी.

पाटलानं शेणखताची जुनी गाडी आणि म्हातारी बैलजोडी दिली. गड्याकरवी विहिरीजवळच्या चिंचेखाली उभी केली आणि लांबून ओरडून सांगितलं, "घेऊन जा." हाकायला कुणी येईना. मीच हाकली. मागं हरबा, त्याच्या उशाला डफडं, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन येसाबाई. अडीच कोसांत ती एकच वाक्य बोलली, "जरा हळू घ्या, हिसके बसून राहिले."

कळमनुरीच्या बाहेर नांदेडच्या रस्त्याला प्लेगच्या रोग्यांसाठी तंबू मारले होते. तंबूच्या पुढं पंधरा-वीस पावलांवर दोरी बांधलेली. नातेवाइकांनी दोरीच्या अलीकडं बसायचं. कंपाउंडरनं नाकाला फडकं बांधलं होतं. त्यानं विचारलं, टोचलंय कुणाला? मी हात वर केला. "मग पाणी पाजायला तुम्हीच आत या. बाई तिकडंच." येसाबाईनं वाद घातला नाही. दोरीशी बसली, अशी की तंबूच्या उघड्या कनातीतून तिला हरबाचं तोंड दिसावं.

मी खाटेशेजारी बसलो. दिवस वर चढत होता. हरबाचे डोळे मिटलेले, ओठांना कोरड पडलेली. मी कापसाच्या बोळ्यानं पाणी सोडत होतो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याची बोटं हलू लागली. खाटेच्या लाकडावर... टक टक, टक... टक टक, टक. डफड्याचा ठेका. मग ओठ हलले. मी कान जवळ नेला.

तो दवंडी देत होता. आवाज नव्हता, नुसता श्वास. पण शब्द कळत होते, आणि ते माझे शब्द नव्हते.

"...कोंडिबा, बैल सोड, दावं कापून सोड, येळ न्हाई... सखू, दूध चुलीवर राहू दे, लेकरू घे अन् नीघ..." असं एकामागं एक घर. आळीमागून आळी, अगदी त्याच्या फेरीच्या क्रमानं. सरकार नाही, हुकूम नाही. तेलीआळीत आला तेव्हा म्हणाला, "रखमा, कनगीमागं घातलेला मानूस भाईर काढ. त्याला वारं लागू दे. न्हाई मरत तो. काढ भाईर."

हे ऐकून मी चमकलो. रखमाचा नवरा सोपान चार दिवसांपूर्वी पाहुण्यांच्या गावी गेल्याचं तिनंच मला सांगितलं होतं. मी बाहेर मान काढून येसाबाईला विचारलं, "रखमाच्या घरी कोण आजारी आहे का?"

"रखमाच्या?" ती म्हणाली. "न्हाई. सोपान तर परगावी हाय. काहून?"

"काही नाही. हा तापात बडबडतोय."

परत आत गेलो तोवर तो पाटलाच्या वाड्यापर्यंत पोचला होता. "पाटील, ऊठ. ज्वारी राहू दे. ऊठ म्हनतो ना!" हे मात्र जरा मोठ्यानं. मग बोटं थांबली. डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, झाली फेरी."

त्यानंतर त्यानं पाणी घेतलं नाही.

कंपाउंडरनं सांगितलं, मढं इथंच जाळावं लागेल, गावात न्यायची इजाजत नाही. येसाबाई म्हणाली, "तुमी जा मास्तर. तिकडं लोकं हायेत." रडली नाही. मला त्या वेळी तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही, आज लिहितानाही तिचा चेहरा समोर आणायचं टाळतोय.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच — मुदत संपली, हरबा गेला, आता लोकांना काय सांगायचं? दिवस कलला होता. खडकदरीचा चढ चढून गाडी वर आली आणि मी बैल थांबवले.

गायरानावर धूर होता. एक नाही, शंभरएक चुलींचा. कडब्याच्या, पऱ्हाटीच्या झोपड्या ओळीनं उभ्या राहत होत्या. दोन झोपड्यांत जागा सोडलेली. माणसं खांब रोवत होती, बाया मडकी मांडत होत्या, ढोरं बाजूला बांधलेली. टोकाला एक वेगळं छप्पर. आणि ओढ्याच्या अलीकडं माझ्या पुढ्यात आख्खं गाव दारं उघडी टाकून रिकामं पडलेलं... एक कुत्रंसुद्धा नाही.

मी ओढा ओलांडला. पहिला भेटला कोंडिबा.

"तुम्हाला कुणी काढलं बाहेर? तहसीलदार आला होता?"

"कोनी म्हंजी?" तो म्हणाला. "हरबानं की!"

"हरबानं? कधी?"

"दुपारी. ऊन डोक्यावर व्हतं. तुमी त्याला नेलं अन् दुपारी तो परत आला न्हवं का? म्हनलं, बरं वाटलं असंल. पर मास्तर, आज त्यानं हुकूम न्हाई सांगितला. मला म्हनला, दावं कापून सोड."

 मी गाडीच्या साटीला धरून उभा राहिलो. म्हटलं, नीट सांग, तू त्याला बघितलंस?

"बघितलं न्हाई. माझ्या आळीत आवाज आला तवा मी गोठ्यात व्हतो. भाईर आलो तर तो फुडल्या आळीत गेला व्हता."

मी झोपडी-झोपडी फिरलो. प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं. सगळ्यांचं तेच. डफडं ऐकलं, आवाज ऐकला, स्वतःचं नाव ऐकलं. बाहेर येईपर्यंत आवाज पुढच्या आळीत. बघितलं कुणीच नाही. सखू म्हणाली, दूध चुलीवरच राहिलं असंल, उतू गेलं असंल. टोकाच्या छपराशी रखमा बसली होती आणि आत सोपान होता. गाठ आलेला, अंगात ताप, पण जिवंत. मला बघून रखमानं तोंडात पदर कोंबला. "मास्तर, मी चार दिस कुनाला सांगितलं न्हाई. सासूला बी न्हाई. तुमी लोकं त्याला घेऊन जाताल म्हनून... हरबाला कसं कळलं?"

 मी तिथून चालू लागलो.

सगळ्यात शेवटी पाटील. तो त्याच्या झोपडीपुढं जमिनीवर बसला होता. खाली काही अंथरलेलं नव्हतं.

"मला 'ऊठ' म्हनला," पाटील म्हणाला. "हरबा. मला. माझ्या बापजाद्यांत त्यांच्यातल्या कोनी आमाला असं म्हनलं न्हाई. मला राग यायला पायजे व्हता... अन् मास्तर, मी उठलो. पायात जोडा घालायचं बी सुदरलं न्हाई." मग त्यानं विचारलं, "कुठं हाय तो?"

आता मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. खरं सांगितलं असतं तर लोक घाबरून कुठंही पळाले असते. परगावी गेले असते आणि रोग घेऊन गेले असते. किंवा हसून घरी परतले असते. मी म्हणालो, "दवाखान्यात परत नेलाय. ताप उतरतोय." आयुष्यात मी बऱ्याच वेळा खोटं बोललोय, पण इतकं घसा सोलून निघालेलं खोटं तेच एक.

धोंड्यालाही गाठलं. नक्कल करायचा ना! मी त्याचं मनगट धरलं, म्हटलं, तूच फिरलास ना?  "मास्तर, आईची शपथ. माझं बी नाव घेतलं त्यानं. म्हनला, धोंड्या, मोप नकला केल्यास, आता तुझ्या आज्याला पाठकुळी घे. आज्याला पाठीवर घेऊन मी समद्यात आधी ओढा ओलांडलाय. विचारा कोनाला बी." विचारलं. खरं होतं.

दोन दिवस असेच गेले. पुढच्या सकाळी ओढ्याच्या पलीकडं येसाबाई दिसली. टोचून न घेतलेल्या माणसानं दवाखान्यातून आल्यावर दहा दिवस वेगळं राहायचं हा नियम. ती पाण्यापाशीच थांबली. लोक अलीकडच्या काठावर गोळा झाले. गोळा म्हणजे हातभर-हातभर अंतर ठेवून. कोंडिबानं ओरडून विचारलं, "हरबा कसा हाय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तो गेला की. मास्तरनी सांगितलं न्हाई?"

"कवा?"

"त्याच दिशी. ऊन डोक्यावर व्हतं तवा."

 सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मला वाटलं आता फुटतंय हे सगळं, आता जातायत गावात नाहीतर पळतायत. कुणी हललं नाही. पाटलानं डोक्याचा पटका काढला आणि हातात धरून उभा राहिला. मग रखमा म्हणाली, "तर मग आमाला कोनी उठवलं?"

"उठवलं म्हंजी?" येसाबाईनं विचारलं. त्यांनी तिला सांगितलं. एकानं सांगितलं, मग दुसऱ्यानं, मग सगळेच बोलू लागले. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं होतं ती रडेल, हात जोडेल. ती रागावली होती.

"माझ्याशी एक सबूद बोलला न्हाई," ती म्हणाली. "गाडीत न्हाई, तितं न्हाई. अन् तुमच्या दारोदार हिंडून आला!" आणि पाठ फिरवून वेशीखालच्या आपल्या वस्तीपाशी, गावाबाहेरच, एकटी जाऊन बसली. दहा दिवस तिची भाकरी काठावरच्या दगडावर ठेवली जायची. ठेवणाऱ्यांत पाटलीणबाईसुद्धा होत्या. अकराव्या दिवशी ती गायरानावर आली.

त्यानंतर होळी गायरानावरच झाली. मी हजेरीला फिरायचो, पण गरजच नव्हती. एकही माणूस ओढा ओलांडून गेला नाही. ना ज्वारीसाठी, ना कापसासाठी. गावात उंदीर पडतच राहिले. गायरानावरही माणसं गेली, नाही असं नाही. पण ज्या गावांनी हुकूम ऐकला नाही तिथलं जे कानावर येत होतं, त्यापुढं आमचं काहीच नव्हतं. सोपानची गाठ फुटली आणि तो वाचला.

पाडव्यानंतर परत जायची इजाजत आली. मी कागद वाचून दाखवला. कुणी उठेना! पाटील म्हणाला, "त्यानं काढलं, त्यानं न्यावं." चार दिवस असेच बसून. शेवटी येसाबाई उठली. काही न बोलता ओढ्यात उतरली, वेशीतून आत गेली आणि एकेक आळी चालत गेली. तिच्या जातीची बाई त्या आळ्यांतून अशी मधोमध कधी चालली नव्हती. ती शेवटच्या आळीतून बाहेर आली तेव्हा लोकांनी मडकी उचलली.

आता तुमचे प्रश्न, जे मीच इतरांना विचारतो. उजेड? भर दुपार. डफडं? आमच्या गाडीत होतं, दवाखान्यात त्याच्याबरोबर जाळलं. माझा मुलगा डॉक्टर आहे. तो म्हणतो, अब्बा, हे मास हिस्टेरिया, घाबरलेल्या माणसांना एकदम सारखंच ऐकू येतं, आणि तुम्ही नंतर जे ऐकलं ते तुमच्या आठवणीत आधीचं होऊन बसलं. लॉजिक बराबर आहे. मी स्वतःला किती वर्षं हेच सांगितलं. सोपानचंही सांगता येईल — हरबानं आधीच्या फेरीत कुठल्या तरी दारातून बघितलं असेल. पण मी येसाबाईला तेव्हाच, तिथंच विचारलं होतं, रखमाच्या घरी कोण आजारी आहे का म्हणून. तो प्रश्न मी कशावरून विचारला? इथं येऊन मी अडतो, आणि उठून फेऱ्या मारायला लागतो. दुसरंही एक आहे. त्या सकाळी मी त्याला उठवलं नसतं तर? कंपाउंडर म्हणाला होता की काही फरक पडला नसता. तो असं सगळ्यांनाच म्हणत असेल.

पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर त्याच हिवाळ्यात मी कळमनुरीच्या आठवडी बाजारात गेलो होतो. आमच्या लोकांना तेव्हाचे दिवस अवघडच होते; मी खाली मान घालून चाललो होतो. कुणीतरी बाहीला धरलं. येसाबाई. केस पार पांढरे. "मास्तर, घरचे समदे ठीक हायेत ना?" हे पहिलं विचारलं तिनं. मी हो म्हणालो. मग आम्ही दोघं भिंतीच्या सावलीला थांबलो आणि तिनं ते विचारलं, जे ती तीन-चार वर्षं घेऊन फिरत असणार.

"तुमी कान लावला व्हता. त्यानं समद्यांची नावं घेतली. त्यात माझं व्हतं का?"

नव्हतं. मी शेवटपर्यंत ऐकलं होतं, मधली दोन-चार घरं सोडली तर. तिचं नाव नव्हतं.

"होतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघून हसली. मी तिला हसताना तेव्हाच पाहिलं.

"न्हाई मास्तर, नसंल. मी लई इचार केला. मी तर समोरच व्हते, दोरीच्या अल्याड. त्याला दिसत व्हते. डोळ्यापुढच्या मानसाला हाक काहून मारावी?"

आणि मिरच्यांची पाटी उचलून ती गर्दीत गेली. तिला तिचं उत्तर सापडलं. मी अजून अंगणात फेऱ्या घालतोय.